दुपारी तीननंतरची निष्ठा

मंडळी, आपल्या माणसाचं तिकीट कापलं गेलं, की कार्यकर्त्याच्या हातात नेमका किती वेळ उरतो? २०२४ च्या विधानसभेचं वेळापत्रक घ्या. अर्ज भरायची मुदत २९ ऑक्टोबरला दुपारी तीनला संपली, माघारीची ४ नोव्हेंबरला दुपारी तीनला. मध्ये अख्खी दिवाळी. भाऊबीज रविवारी, माघार सोमवारी. मुंबईतल्या निम्म्या नाराजांची मनधरणी चकलीच्या ताटासमोर झाली असणार! सोमवारी तीन वाजेपर्यंत माणूस नाराज असतो, तीन वाजून एक मिनिटाला तो बंडखोर ठरतो. निष्ठेचा हिशोब या घड्याळावर चालतो, म्हणून आधी कागद समजून घेऊ.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला विधानसभेसाठी एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. पक्षाचं शिक्कामोर्तब एबी फॉर्मवर होतं. ‘ए’मध्ये पक्ष कळवतो की सही करायचा अधिकार कोणाला दिलाय. ‘बी’मध्ये तो अधिकारी उमेदवाराचं नाव लिहून देतो. सही शाईची लागते, रबरी शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही, आणि दोन्ही कागद अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचले पाहिजेत. नाही पोचले, तर एका सूचकावर पक्षाच्या नावाने भरलेला अर्ज छाननीत बाद.

आता यातली गंमत बघा. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. म्हणून मुरलेला इच्छुक एक अर्ज पक्षाच्या नावाने भरतो आणि दुसरा दहा सूचकांसह अपक्ष म्हणून. त्याच्या मनात काय आहे हे तो कोणालाच सांगणार नाही, पण अर्ज सांगतो. एकच सूचक असेल तर ती आदळआपट आहे, छाननीत आपोआप शमते. दहा असतील तर ते दहा कोण आहेत ते पाहा. सोसायटीतले शेजारी आणि मेहुणे असतील तर अजून बोलायला जागा आहे. पदावर असलेले शाखाप्रमुख आणि गटप्रमुख असतील तर संघटना आधीच फुटलेली आहे, तुम्हाला कळवायचं तेवढं राहिलंय.

माघारही लेखीच. उमेदवार स्वतः जातो, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी जातो. एकदा दिलेली माघार मागे घेता येत नाही. म्हणूनच त्या दिवशी सकाळपासून बंडोबांचे फोन बंद असतात. आणि तीन वाजून गेल्यावर ते थंडोबा झाले, अगदी व्यासपीठावर येऊन अधिकृत उमेदवाराच्या गळ्यात हार घातला, तरी मशीनवर नाव, फोटो आणि चिन्ह राहतंच. वर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. तळाशी असूनही ओळखीचा चेहरा मतं खातो. ज्यांच्याकडे तुम्ही पाच वर्षं त्याचं नाव पोचवलंत, त्यांना कालची पत्रकार परिषद माहीत नसते.

किती खातो? वांद्रे पूर्व, २०१९. शिवसेनेने विद्यमान आमदार तृप्ती सावंत यांना डावलून तेव्हाचे महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांना उभं केलं. सावंत अपक्ष लढल्या आणि २४,०७१ मतं घेतली. काँग्रेसचे झिशान सिद्दीकी जिंकले, महाडेश्वर ५,७९० मतांनी पडले. मातोश्री ज्या मतदारसंघात आहे, तिथली ही गोष्ट. यावर लगेच ‘गद्दारी’ म्हणायची सवय आहे. मला ते अर्धंच पटतं. विद्यमान आमदाराला शेवटच्या क्षणी बाजूला करून त्याच्या माणसांकडून काम मागणं, ही चूक तिकीट वाटणाऱ्यांचीही असते.

त्याच वर्षी बोरिवलीत मंत्री असलेल्या विनोद तावडे यांचं तिकीट भाजपने कापलं. ते गप्प बसले आणि २०२१ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस झाले. २०२४ मध्ये तिथेच माजी खासदार गोपाळ शेट्टी यांनी अपक्ष अर्ज भरला आणि शेवटच्या दिवशी मागे घेतला. अधिकृत उमेदवार संजय उपाध्याय आरामात निवडून आले. ही उदाहरणं प्रत्येक मनधरणीत पुढे केली जातात. फक्त एक विसरलं जातं: तावडे एक असतात, आणि सतरंज्या उचलणाऱ्या पन्नास जणांचं पुनर्वसन राष्ट्रीय पातळीवर होत नाही.

त्यांना मिळतो ‘शब्द’. विधान परिषद, महामंडळ, स्वीकृत नगरसेवक. शब्द ऐकताना एकच प्रश्न विचारा: ही जागा रिकामी कधी होणार, आणि ती आणखी किती जणांना दिलीय? विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या, त्यांतल्या सात भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. मुंबई महापालिकेचंही तेच. फेब्रुवारी २०१७ नंतरचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ नऊ वर्षांचे इच्छुक २२७ प्रभागांच्या दारात जमले, त्यात आरक्षणाची सोडत. रात्रीत प्रभाग महिलांसाठी राखीव होतो आणि भाऊंच्या बॅनरवर वहिनी येतात. अशा वेळी पदापेक्षा कामाचा शब्द मागावा: वस्तीतला रखडलेला प्रश्न, शाखेची नेमणूक, प्रचारात निर्णयाची जागा. हे मतदानाआधी वसूल करता येतं.

पण पक्ष बंडखोरापेक्षा जास्त मार खातो तो न बोलणाऱ्याकडून. बंडखोराचं चिन्ह दिसतं, त्याच्याविरुद्ध प्रचार करता येतो. हातचं राखून काम करणारा रॅलीत पहिल्या रांगेत असतो. चुकतं कुठे, तर बूथवर. मतदार स्लिपा वाटल्या म्हणून सांगितलं जातं, गठ्ठा शाखेच्या कपाटात. मतदानाआधीच्या मशीनच्या चाचणीला पहाटे साडेपाचला पक्षाचा प्रतिनिधी हजर हवा, तो सातला डोळे चोळत येतो. बाहेर टेबल लागतं, पण यादीवर खुणा होत नाहीत, त्यामुळे दुपारी दोनला कोण मतदानाचं राहिलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. चाळीतल्या आजी, तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेला मुलगा, जिना उतरू न शकणारे काका, यांना आणायचं काम चार ते सहा या दोन तासांत होतं, आणि नेमके तेव्हाच फोन उचलले जात नाहीत. समजा मतदारसंघात २५० बूथ आहेत आणि प्रत्येकी २३ मतं घरातच राहिली. ५,७५० झाली. वांद्र्याचा आकडा आठवा.

म्हणून नवं नाव जाहीर झाल्यावर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत एक काम करा. ज्या घरी नाराज इच्छुकाला घेऊन गेला होतात, त्याच घरी नव्या उमेदवाराबरोबर त्यालाही न्या. मतदाराला भाषण नको असतं, दोघं एका दारात उभे दिसले की पुरतं. तो यायला तयार नसेल तर त्याला ‘आहे’ म्हणून मोजू नका, त्याचे बूथ दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि हे त्याला तोंडावर सांगा. ज्याला मनापासून करायचंच नाही, त्यानेही माघारीच्या दिवसाआधी शाखेची किल्ली आणि मतदार याद्या परत द्याव्यात. घरी बसणं गैर नाही. याद्या अडवून घरी बसणं गैर.

आणि कोणी काय केलं ते लपत नाही. मोजणीनंतर वीस नंबरच्या नमुन्यात बूथवार मतं येतात. लोकसभेचा तोच तक्ता शेजारी ठेवा. यादी आणि बूथ बदललेले असतील तर इमारतींची नावं जुळवून घ्या, नाहीतर भलत्याच माणसावर आळ येईल. संध्याकाळ पुरते, आणि पेन्सिल.