नाताळची सुट्टी: आधी भायखळा, मग माझगाव

नमस्कार श्रोतेहो. शाळांना नाताळची सुट्टी लागली की घरोघरी एकच धोशा सुरू होतो, आई, कुठंतरी जाऊ या ना! आणि हे 'कुठंतरी' हल्ली मॉलमध्येच जाऊन थांबतं. दारात कापसाच्या दाढीचा सांता, त्याच्याबरोबर फोटो, मग वरच्या मजल्यावर खाणं. घरी येऊन पाकीट उघडावं तर आत नुसती बिलं. म्हणून आज मुंबईतल्या श्रोत्यांना एक स्वस्तातली वाट सांगते. आधी भायखळा, मग माझगाव. लिहून घेऊ नका, मी पुन्हा सांगेन.

दुपारी राणीबाग, भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. चार जणांचं कुटुंब असेल, म्हणजे आईवडील आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं, तर सगळ्यांचं मिळून तिकीट 100 रुपये. चौघांचे 100. आणि बुधवारी बंद, हे विसरू नका, बुधवारी बंद. पेंग्विनपुढून मुलं हलणार नाहीत, ती तुम्हाला ओढूनच काढावी लागतील. पण त्यांना काळ्या घोड्याचा पुतळाही दाखवा. फोर्टमधला मूळचा काळा घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, 1965 साली तिथून हलवला तो इथे आणून ठेवलाय. फोर्टात आता जो उभा आहे तो नवा, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा केलं, तो हत्तीही इथेच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. डबा घरचा घ्या, पोळीभाजीचा. हल्ली दिसेल त्या पदार्थावर ते पांढरं मेयोनीज ओततात, परवा शेवपुरीवर पाहिलं मी. शेवपुरीवर! असो.

ऊन उतरलं की माझगावला निघा. भंडारवाड्याच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीवरच बाग केली आहे, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. तिकीट नाही. समोर बंदर, गोदीतल्या क्रेन, जहाजं. हे काका बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी, 1916 साली बेळगावात निघालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, आणि 1925 साली मुंबईचे महापौर. आपण बागांना नावं देतो आणि माणूस विसरतो. निदान मुलांच्या कानावर घाला.

टेकडीखालीच माथारपाखाडी, काकांची वाडी. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. लाकडी जिने, कठडे, गल्लीत क्रूस, आणि नाताळात चांदण्या नि येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे. या वाडीचं नाव घेतलं की मला आमचे आबा आठवतात, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, माण तालुक्यातले. धोतर, टोपी, हातात काठी. नाताळच्या सुट्टीत मुंबईला आले होते, म्हणून सगळ्या पोराबाळांबरोबर त्यांनाही घेऊन गेलो. वाडीत एका घरापुढे चारपाच मुलं गोठा उभारत होती. पेंढा अंथरलेला, मेरी, योसेफ, मेंढरं, एक गाढव, एक गाय. गव्हाण रिकामी. आबा काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गाय कुणी उभी केली ही?"

मुलं गप्प. एकानं भीत भीत हात वर केला.

"गव्हाणीकडं पाठ करून गाय उभी राहती का कधी? आन् हे मेंढरू गाईपेक्षा थोरलं! दावं कुठाय? मोकळं जनावर रातभर गोठ्यात ठरतंय व्हय?"

मी आबांचा सदरा मागून ओढतेय, ते ऐकायला तयार नाहीत. गंमत म्हणजे मुलं उलट देईनात. "येस अंकल, करतो अंकल" असं चाललेलं. एकजण पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. नंतर उलगडा झाला. त्या संध्याकाळी गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, आणि मुलांना वाटलं हेच ते!

आबांनी खुर्ची घेतली नाही. खाली उकिडवे बसले, पेंढ्याच्या चार काड्या घेतल्या, तळव्यावर थुंकी लावली आणि दावं वळायला सुरुवात केली. वीतभर दावं, बारीक, पिळदार. वाडीतली पोरं भोवती गोळा. "मला शिकवा, मला शिकवा." गाय फिरवली, दाव्यानं बांधली, थोरली मेंढरं मागे गेली. मग आबांनी विचारलं, "बाळ कुठाय?" तर मुलं म्हणाली, रात्री बारानंतर ठेवणार. हे मात्र आबांना एकदम पटलं. "बराबर हाय. आदी जागा झाडून ठेवायची."

एवढ्यात घरातून आजीबाई आल्या, हातात ताटली. त्यांची मराठी कोळ्या-आगऱ्यांच्या वळणाची, आबांची माणदेशी, तरी दोघांचं जमलं. ताटलीत नेवऱ्या आणि कुलकुल. आबा म्हणाले, "ह्या तर आमच्या करंज्या!" कुलकुल मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, म्हणजे अंगावर रेघा उठतात, मग तळायची, असं आजीबाईंनी समजावून दिलं. त्यावरून तांदळाचा भाव निघाला, मग कडब्याचा. पोरं दोनदा गल्ली फिरून आली तरी यांचं चालूच.

आणि मग खरे परीक्षक आले. तरुण फादर आणि आणखी दोघं. फादर वाकले, दावं पाहिलं आणि विचारलं, हे कुणी वळलं? सगळ्या मुलांनी आबांकडे बोट केलं. आबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बक्षीस द्या नायतर नका दिऊ. पण गाय फिरवायची न्हाय."

बक्षीस मिळालं नाही. ते गेलं दुसऱ्या गल्लीतल्या गोठ्याला. तिथे मोटरवर फिरणारी चांदणी होती आणि वरून कापसाचं बर्फ पडत होतं. आबांनी तेही जाऊन पाहिलं. म्हणाले, "आमच्याकडं पाऊस पडंना, आन् ह्यांनी बर्फ पाडलाय."

तर श्रोतेहो, वाडीत जाल तेव्हा एक सांभाळा. ते प्रदर्शन नाही, लोकांची घरं आहेत. कठड्याला टेकून फोटो काढू नका, खिडकीतून आत डोकावू नका. गोठा दाराबाहेर असेल तो खुशाल पाहा, बनवणाऱ्या पोरांशी बोला. मोठ्या आवाजात लाईव्ह व्हिडिओ करणाऱ्यांबद्दल माझं मत मी रेडिओवर सांगू शकत नाही.

पुन्हा एकदा सांगते. जाताना भायखळा स्टेशन, दुपारी राणीबाग, बुधवार सोडून. संध्याकाळी बाप्टिस्टा उद्यान, अंधार पडला की माथारपाखाडी. परतताना हार्बर लाईनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं. रविवारी निघणार असाल तर हार्बरला मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा, नाहीतर झोपलेली पोरं खांद्यावर घेऊन फलाटावर बसावं लागेल. नमस्कार.