चिकाचा पापुद्रा, केळीचा धागा

(दृश्य : उन्हाळ्यातली गच्ची. साबुदाण्याच्या पापड्या वाळत आहेत.)

शिजवलेला साबुदाणा पळीने पातळ पसरायचा, कडकडीत ऊन द्यायचं आणि कडेला नख लावून पापडी अलगद सोडवायची. प्लास्टिकच्या जागी वापरता येईल आणि मातीत कुजेल अशी स्टार्चची, म्हणजे चिकाची, फिल्म प्रयोगशाळेत बनते, ती जवळजवळ अशीच.

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला स्टार्च. तमिळनाडूतलं सेलम हे त्याचं मोठं केंद्र. हा स्टार्च पाण्यात कालवून, ढवळत सत्तर अंशांच्या वर तापवला की त्याचे कण फुगतात, फुटतात आणि दुधाळ पाण्याची पारदर्शक खळ होते. ती ताटलीत ओतून वाळवायची. पण नुसती खळ वाळली की वाकवताच तिचा तुकडा पडतो. म्हणून ग्लिसरीन घालतात, बऱ्याचदा स्टार्चच्या वजनाच्या २० ते ४० टक्के. त्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. फिल्म लवचिक होते. मात्र तिची ताकद घटते आणि ती ओल जास्त ओढते.

खरी अडचण ही ओलच आहे. स्टार्चला पाण्याची ओढ असते. पाणी आत शिरतं म्हणूनच मातीतल्या बुरशीची आणि जिवाणूंची विकरं त्याच्या साखळ्या तोडू शकतात. आणि त्याच ओढीमुळे कोकणातल्या जुलैत ही फिल्म लिबलिबीत पडेल. कुजणं हवं असेल, तर ही ओढ पुरती घालवून चालणार नाही. तिला थोडा आवर घालायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

(दृश्य : जळगाव जिल्हा. घड उतरवलेली केळीची बाग, बांधावर खोडांचे ढीग.)

केळीचं एक खोड एकदाच घड देतं. मग ते तोडावं लागतं. त्याच्या पदरांत लांब, चिवट धागे असतात, मुख्यतः सेल्युलोजचे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळले की त्यांना घट्ट चिकटवून ठेवणारं लिग्निन बरंचसं सुटतं. मग ते बारीक करून खळीत मिसळायचे.

मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे दिसते. स्टार्च आणि सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच. फक्त कड्या जोडण्याची तऱ्हा वेगळी. त्यामुळे वेगळा डिंक न घालताही दोघं एकमेकांना धरतात. ताण धाग्यावर जातो, फिल्म सहज फाटत नाही. पाण्याच्या वाफेलाही सरळ वाट मिळत नाही, धाग्यांना वळसे घालत जावं लागतं. उसाच्या चिपाडातूनही असेच धागे निघतात. प्रमाण मात्र सांभाळायला हवं : धागा जास्त झाला की गुठळ्या होतात आणि फिल्म नेमकी तिथेच फाटते.

(दृश्य : बाजार. मक्याचं कणीस छापलेली पिशवी.)

महाराष्ट्रात २०१८मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि ‘कॉर्नस्टार्चच्या’ पिशव्या हातोहाती दिसू लागल्या. अशा अनेक पिशव्यांत स्टार्चसोबत पीबीएटी नावाचं पॉलिएस्टर असतं. ते कुजतं, पण त्याला औद्योगिक कंपोस्टची ऊब लागते, साधारण ५८ अंशांची. घरच्या कुंडीत ते फार रेंगाळतं. साध्या पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळला असेल तर आणखी वाईट : जिवाणू स्टार्च खातात आणि प्लास्टिकचा चुरा मातीत राहतो. पिशवी घेताना कणसाचं चित्र बाजूला ठेवा, त्यावरची कंपोस्टची खूण आणि प्रमाणपत्राचा क्रमांक वाचा.

निव्वळ स्टार्च आणि धाग्याची फिल्म कमी दिवसांच्या कामाला घ्यावी. रोपवाटिकेच्या पिशवीवर रोज पाणी पडणार, तिथे धागा जास्त घालून वरून मेणाचा पातळ हात द्यावा लागेल. कोरड्या बियाण्याच्या पुडीला मेणाची गरज नाही.