सड्यावरचे फडे

(दृश्य : मोबाइलचा पडदा. निवडुंग खाणारा उंट.)

हा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. बोटभर लांबीचे काटे, आणि उंट सुपारी चघळावी तसा चघळतोय. त्याच्या गालांना आतून टणक, टोकदार उंचवटे असतात. काटे त्यांवरून घसरतात, रुतत नाहीत. कोरड्या मुलखात दुभत्या सांडणीला उन्हाळ्यात हिरवं काय घालायचं, या प्रश्नाचं हे एक उत्तर.

(दृश्य : कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मे महिना.)

आपण मात्र गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहोत. इथे उंट नाही, म्हैस आहे. गोव्यात चाऱ्याचा दुष्काळ म्हटलं की लोक हसतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. मग जांभ्यावर काही थांबत नाही. डिसेंबरात गवत पिवळं, मार्चात ते शोधावं लागतं. कागदावर या जमिनीला पडीक म्हणतात. कागद लिहिणाऱ्यांनी ती पावसात पाहिलेली नसावी.

(दृश्य : दगडी गडग्यालगत निवडुंगाची रांग.)

हा काटेविरहित फड्या निवडुंग. मूळ मेक्सिकोकडचा. ब्राझीलच्या ईशान्येकडे दुभत्या गाईंना तो रोजचा चारा आहे. आपल्याकडे पुण्याजवळ उरुळी कांचनला ‘बाएफ’ या ग्रामविकास संस्थेने तो शेळ्यांना घालून पाहिला. लावायचा तर फडा, म्हणजे पानासारखा दिसणारा चपटा भाग, सांध्यावर कापायचा, सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची आणि मग कापलेली बाजू खाली करून निम्मा पुरायचा. ओलाच पुरला तर कुजतो.

कापणीला म्हैस पाळणाऱ्या काकी सकाळी येतात. झाडाचा बुंधा आणि त्यावरचा पहिला थर राखतात, वरचेच फडे उतरवतात.

‘हात लावू नको रे बाबा,’ त्या म्हणाल्या, तोवर आमच्या कॅमेरामनने लावला होता. काटेविरहित म्हणजे निव्वळ गुळगुळीत नव्हे. फड्यावरच्या डोळ्यांत केसासारखी कुसळं असतात, दिसत नाहीत, पण बोटात शिरली की दिवसभर सलतात. पुढचे दोन शॉट हलले आहेत ते त्यामुळे.

(दृश्य : फड्याचा काप, जवळून.)

कोयता बसला की बुळबुळीत रस सुटतो, पाण्यासारखा. पांढरा चीक आला तर तो फडा नव्हे. कुंपणाला लावतात तो शेर किंवा त्रिधारी निवडुंग असेल, आणि तो जनावराला बाधतो. हा फरक माहीत असल्याशिवाय कोयता उचलू नये.

दहा किलो फड्यांत जवळपास नऊ लिटर पाणीच. दिवसा या झाडाची छिद्रं मिटलेली असतात. रात्री गारव्यात उघडतात, म्हणून उन्हात पाणी उडून जात नाही. आमचा रात्रीचा शॉट काळोखाच आला आहे, तरी ठेवला.

(दृश्य : गोठा. टोपलीत तुकडे, पेंढा, पेंड.)

नुसते फडे घातले तर शेण पातळ होतं. म्हणून बोटभर तुकडे भाताच्या पेंढ्यात कालवायचे. फड्यात प्रथिनं कमी, ती खोबऱ्याच्या पेंडीतून. पहिल्या दिवशी म्हशीने टोपली हुंगली आणि तोंड फिरवलं. काकींनी वर मिठाचं पाणी शिंपडलं. आठवडाभर हेच चाललं. आता टोपलीचा आवाज आला की दावं ताणलं जातं.

दूध वाढलं का? नाही, माप तेवढंच आहे. विकतचा चारा कमी लागतो. मागच्या पावसात खोलगटातली रोपं कुजली, ती आता उंचवट्यावर लावली आहेत.

(दृश्य : म्हैस खातेय. चघळण्याचा आवाज वाढवावा. निवेदन इथे थांबते.)