गालाला मऊ, टाचेला कच्ची

नमस्कार. मागच्या रांगेतल्या काकांनो, तुम्हीही पुढे या, मोजे शेवटी तुम्हीच घालणार आहात.

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना फक्त मे महिना आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवी थंडीत पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. पायमोज्याची लोकर निवडताना हा फरकच डोक्यात ठेवायचा. सकाळी फिरायला जाताना पाय गारठतो, आणि अकरा वाजता त्याच बुटात तो घामाने भिजतो. आपल्याला जाडजूड मोजा नको, घाम झेलणारा मोजा हवा.

आता आपण दुकानात काय करतो? गुंडा उचलतो आणि गालाला लावतो. बाळाच्या टोपड्यासाठी ते ठीक आहे हो. पण मोजा बुटात घासला जातो, अंगाचं सगळं वजन टाचेवर येतं. गालाला सगळ्यात गोड लागते ती मेरिनो मेंढीची लोकर, कारण तिचा तंतू बारीक, साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला. ती सैल पिळाची, एकपदरी असेल तर आधी गोळे धरते, मग टाचेला विरते.

म्हणून गाल राहू द्या, बोटं वापरा. धाग्याचं टोक चिमटीत धरा आणि उलटा पीळ देऊन सोडवा. पदर मोजा. तीन किंवा चार पदर घट्ट पिळलेले दिसले तर उत्तम. दोन-चार फेऱ्यांतच धागा कापसासारखा फुलून सुटा झाला, तर गुंडा परत ठेवा. मग वीतभर धागा हलकेच ताणून सोडा. तो झटकन मूळ लांबीवर आला पाहिजे. ही उसळी नसली की मोजा दुपारपर्यंत घोट्याखाली गोळा होतो. सुती धाग्याचं नेमकं हेच होतं. त्यात लवचीकपणा नाही, आणि घाम पिऊन तो ओलाच राहतो.

खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा घेताना किंचित ऊब सोडते. तंतू नागमोडी असल्यामुळे मध्ये हवा अडकते, ती वेगळीच. ॲक्रिलिकला यातलं फारसं जमत नाही. ते स्वस्त, रंग झकास, कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येतं. घरात फरशीवर घालायला खुशाल विणा. बुटात मात्र पाय चिकट होतो. सीताबर्डी, इतवारीत मिळणारे बरेचसे रंगीत गुंडे ॲक्रिलिकचेच असतात, तेव्हा लेबल वाचा. लेबल हरवलं असेल तर घरी बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून काळा, कडक मणी होतो. खिडकी उघडी ठेवा आणि ओढणी सांभाळा.

मला विचाराल तर ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन. शुद्ध लोकरीचा हट्ट स्वेटरला शोभतो. नायलॉन ऊब देत नाही, पण टाच वाचवतो. तसं मिश्रण मिळालं नाही तर टाच आणि अंगठ्याचा भाग विणताना लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा जोडीने घ्या.

जाडी चारपदरी, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर. मोठ्या माणसाच्या जोडीला एवढी लागते. पाय लांब असेल तर थोडी जास्त घ्या, आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली. लेबलावर १० नंबरची सुई लिहिली असली तरी मोज्याला १२ किंवा १३ नंबर घ्या; आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. विण घट्ट बसली की भोक उशिरा पडतं. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. मधुमेह असेल तर ती सैल ठेवा आणि आत गाठ राहू देऊ नका.

एका ताईंची चिठ्ठी आहे, घोंगडीची लोकर चालेल का? दख्खनी मेंढीची लोकर दणकट, पण भरड. उघड्या पायाला टोचते. आत पातळ सुती मोजा घालणार असाल तर विणा, टाच लवकर झिजणार नाही.

धुण्याचं राहिलंच. गरम पाणी आणि चोळाचोळ, दोन्ही नको. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकले की बाबांचा मोजा नातवाला होतो. सुपरवॉश लिहिलेल्या लोकरीला ही भीती कमी, कारण तिचे खवले आधीच काढलेले किंवा झाकलेले असतात. बाकीचे मोजे रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवा, दाबून पाणी काढा, सावलीत आडवे वाळवा. फेब्रुवारीत ठेवून देण्याआधी धुणं चुकवू नका, घामाच्या डागावर कसर आधी बसते.

बरं, आता टेबलावरचे नमुने हातात घ्या. उलगडून पाहा, खराब झाले तरी चालतील, त्यासाठीच आणलेत.