मुंबई न बघता मुंबईचा इन्स्पेक्टर लिहिणारा साहेब

मुंबई सीआयडीचा इन्स्पेक्टर गणेश घोटे. वरिष्ठांनी आवाज चढवला की गडबडणारा, घरी बायकोची बोलणी खाणारा, पण केस हातात आली की चिवट. आणि हा माणूस जन्माला आला कुठे, तर लंडनमध्ये, एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज रहस्यकादंबरीकाराच्या टेबलावर, आणि त्या कीटिंगनं तेव्हा मुंबई बघितलेलीच नव्हती!

कीटिंगचा जन्म १९२६ चा, ससेक्समधल्या समुद्रकाठच्या सेंट लेनर्ड्सचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, मग पेपरात सब-एडिटर. १९५९ पासून त्याच्या रहस्यकादंबऱ्या यायला लागल्या, पण अमेरिकेतले पब्लिशर घेईनात, म्हणे फारच ब्रिटिश आहे हे. मग यानं सगळा मामलाच उचलून मुंबईत नेला. हिरोचं आडनाव आधी घोष ठरलेलं, कुणीतरी सांगितलं अहो हे बंगाली झालं, तेव्हा घोष्याचा घोटे झाला. बायको प्रतिमा मात्र बंगालीच राहिली.

१९६४ ला आलं 'द परफेक्ट मर्डर'. यातला परफेक्ट म्हणजे एका शेटजीचा पारशी सेक्रेटरी, आणि गंमत अशी की तो मेलेलाच नाहीये, डोक्यात फटका बसून पडलाय. त्यात घोटेच्या गळ्यात दुसरी केस, मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट गायब! वर सोबतीला युनेस्कोचा स्वीडिश पाहुणा, सारखे प्रश्न विचारणारा. पुस्तकाला गोल्ड डॅगर, म्हणजे ब्रिटनमधलं रहस्यकादंबरीचं मानाचं बक्षीस मिळालं, आणि अमेरिकेलाही आता कीटिंग हवा झाला.

घोटेचं इंग्रजी मधेमधे खटकतं, सगळं 'करतो आहे, जातो आहे' छापाचं, ते खरंय. पण साहेब ओरडेल म्हणून आतल्या आत झुरणारा सरकारी माणूस कीटिंगला बरोब्बर सापडलाय, आणि त्यासाठी मुंबईचं तिकीट लागत नाही.

तिकीट आलं ते पहिल्या पुस्तकानंतर साधारण दहा वर्षांनी, तेही एअर इंडियाकडून. लेखक न येताच मुंबईवर लिहितोय हे कळल्यावर त्यांनीच बोलावलं. इथं येऊन गेल्यावरही घोटे चालूच राहिला. १९८० ला 'द मर्डर ऑफ द महाराजा'नं दुसरं गोल्ड डॅगर आणलं, पण त्याची गोष्ट १९३० ची, म्हणजे घोटेच्या जन्माआधीची. 'द परफेक्ट मर्डर'वरच्या १९८८ च्या सिनेमात नसीरुद्दीन शाह घोटे झाला.

२००० साली कीटिंगनं ठरवलं, बास, घोटेचं हे शेवटचं. कसलं काय, २००८ मध्ये घोटेची पहिली केस घेऊन परत हजर! २०११ मध्ये कीटिंग गेला, तेव्हा तो ८४ वर्षांचा होता.