पंचवीस मिनिटं, एक कवडसा आणि जुनी लग्नपत्रिका

नमस्कार मंडळी! भर दुपारी झाडाखाली पडलेले कवडसे शेवटचे कधी निरखून बघितलेत? लहानपणी त्यांच्यावर पाय द्यायला धावला असाल. आता एकदा नीट बघा, ते गोल असतात. वर पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या, कुठं तिकोनी, कुठं चिरेसारख्या. खाली मात्र गोल ठिपके. का?

उत्तर लगेच देत नाही, कारण हा 'का' पडायचाच बंद झालाय. ऑफिस, हप्ते, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप यांत त्याला जागा कुठली? तो परत पडावा म्हणून रजा टाकून महाबळेश्वर गाठायला नको. जेवणाच्या सुट्टीतली २५ मिनिटं बास.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडकडं काम असेल तर टाऊन हॉलची बाग, विद्यापीठाकडं असाल तर तिथली झाडं. रविवारी संध्याकाळी रंकाळा चौपाटीवर शांतता शोधू नका, तिथं भेळ खायची असते! वेळ साडेअकरा ते दीड. ऊन तिरकं झालं की जमिनीवरचे कवडसे लांबट होतात. मोबाईल सायलेंटवर ठेवून भागत नाही, खिशात थरथरला की हात जातोच. गाडीच्या डिकीत टाका आणि गजराचं साधं मनगटी घड्याळ लावा. घरी कुणी आजारी असेल तर कुठं बसणार ते एका सहकाऱ्याला सांगून ठेवा.

सामान म्हणजे जुनी लग्नपत्रिका आणि पेन्सिल. पत्रिकेची कोरी बाजू सूर्याकडं करून ती दगडाला टेकवा. हातात धरू नका, हात हलतो. एक स्वच्छ कवडसा तिच्यावर घ्या, त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवा आणि बसून राहा. दोन मिनिटांत तो रेघेबाहेर सरकलेला असतो, जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका. सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीएवढं अंतर जायला साधारण तेवढाच वेळ घेतो. खरं तर फिरतोय आपण. वाऱ्यानं मधेच फट मिटली तर दुसरा कवडसा धरा.

आता तो 'का'. तो गोल फटीचा नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. तेही उलटं! सूर्याच्या वरच्या कडेचा किरण फटीतून सरळ जाऊन चित्रात खाली पडतो, खालच्या कडेचा वर. फट लहान आणि जमीन लांब असली की फटीचा आकार पुसला जातो, सूर्याचा उरतो. खात्री करायचीय? दुसऱ्या पत्रिकेत ३ मिलिमीटरचं तिकोनी भोक पाडा आणि मित्राला उन्हात धरायला लावा. पहिल्या पत्रिकेपासून बोटभर अंतरावर तिकोन दिसतो. दोन मीटरवर नेलं की गोल, साधारण दोन सेंटिमीटरचा. भोकातून सूर्याकडं मात्र बघायचं नाही, डोळे जातील.

आणखी एक गंमत. कवडशाची रुंदी गुणिले १०८ केली की फटीपर्यंतचं अंतर अंदाजे निघतं. ८ सेंटिमीटरचा कवडसा असेल तर फट साडेआठ मीटरवर. १०८ म्हटल्यावर जपमाळ आठवेल, पण इथं कारण एवढंच की सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब आहे.

पहिली दहा मिनिटं कंटाळा येणार. बॉसचा मेल, गॅसचं बुकिंग, सगळं तेव्हाच आठवणार. बहुतेक लोक इथंच उठतात. आठवू दे, पेन्सिल सोडू नका. फोटो काढायचा मोहही टाळा, फोटो निघाला की बघणं संपतं. पोरांना नेलंत तर शिकवू नका. त्यांना पत्रिका द्या आणि गप्प बसा, भावांनो. आठवड्यातून दोनदा पुरे. रोजचा नेम केला की त्याचंही टार्गेट होतं.

हीच नजर घेऊन अंबाबाईच्या किरणोत्सवाकडं बघा. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमर, तिसऱ्या दिवशी मुख. वर्षातून दोनदा का? नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडं निघालेला असतो, फेब्रुवारीत परतत असतो. २२ डिसेंबरपासून मागं आणि पुढं सहा-सहा आठवडे मोजा, दोन्ही तारखा सापडतील. ढग, धुरकं किंवा वाटेतली एखादी इमारत आली की किरण अडतात.

सवड असेल तर खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात जाऊन बसा. छताला मोठा गोल झरोका आहे, खाली उजेडाचा गोल पडतो. पण तो सूर्याचं चित्र नाही, झरोक्याचाच आकार आहे. झाडाखाली एक न्याय आणि इथं दुसरा, असं का? आत्ताच सगळं सांगितलंय, कमेंटमध्ये लिहा.

जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, तेव्हा पत्रिका कपाटात. त्या दिवसांत पागोळीखाली मातीत पडलेला एकच खळगा धरा आणि थेंब बाहेर किती लांब माती उडवतो ते काडीनं मोजा.