खणातला समुद्र

(वेताळ टेकडी, सकाळ. जुनी दगडखाण.)

हा काळा कातळ पुणेकराच्या पायाखालचा. वाड्यांची जोती, नदीकाठचे घाट, सगळं याच बेसॉल्टचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. घण घातला तरी सहजी फुटत नाही.

(कपाटाचा खण उघडतो.)

आता हा दुसरा काळा दगड बघा. शहरातल्याच एका कॉलेजच्या कपाटातला. चिठ्ठीवर शाईनं लिहिलंय : मार्सेलस शेल, न्यूयॉर्क, मध्य डेव्होनियन. रंग तोच, पण लाव्ह्याशी याचं काही नातं नाही. कडेला चाकूचं पातं लावलं... आणि हा पापुद्रा सुटला! शेल म्हणजे दगड झालेला चिखल. समुद्रतळाचा. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा, डेव्होनियन नावाच्या कालखंडातला.

पूर्वेला डोंगर वर येत होते, नद्या त्यांची माती खाली वाहून आणत होत्या. वाळू किनाऱ्याजवळ बसली. पिठासारखा गाळ दूर, शांत पाण्यात गेला. मातीचे कण मुळात चपटे. वरचं ओझं वाढत गेलं, पाणी पिळून निघालं आणि कण पत्त्यांच्या कॅटसारखे आडवे बसले. पापुद्रे सुटतात ते म्हणून. काळा रंग मात्र कार्बनचा. तळाशी प्राणवायू जेमतेम, त्यामुळे मेलेले सूक्ष्म जीव पुरते कुजलेच नाहीत. भिंगाखाली चमकतंय ते सोनं नव्हे. पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक.

(करड्या शेलमधला ट्रायलोबाइट, अगदी जवळून.)

याच समुद्राच्या जरा वरच्या, करड्या थरातला हा ट्रायलोबाइट, कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. पावसाळ्यात पैसा किड्याला हात लावला की तो जसा गुंडाळी करतो, तसाच मिटलेला. डोळ्यांची भिंगं कॅल्साइटची, म्हणून अजून मोजता येतात.

शेजारी पोवळं. अशाच डेव्होनियन पोवळ्यांवरच्या, दिवसाला एक अशा वाढीच्या बारीक रेषा जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी मोजल्या आणि १९६३ मध्ये सांगितलं : तेव्हाचं वर्ष सुमारे ४०० दिवसांचं होतं. पृथ्वी स्वतःभोवती जास्त वेगानं फिरत होती.

डेव्होनियन संपेपर्यंत समुद्रातली असंख्य कुळं गेली. मार्सेलसमधून आज नैसर्गिक वायू काढतात.

टेकडीच्या कातळात यातलं काहीही मिळणार नाही. पुण्यातल्या मुलांसाठी हा समुद्र या खणातच आहे, आणि खणाची किल्ली शोधायलाच आम्हाला अर्धा तास लागला.

(विद्यार्थिनी शेलवर तोंडाची वाफ सोडते. नाकाशी धरते.)

वास येतो. ओल्या मातीचा.